गावाला टॉवर, घराला तार

एखाद्या गावात फोरजीचा टॉवर उभा राहिला की सरकारी तक्त्यात त्या गावापुढे ‘जोडलेलं’ असा शेरा पडतो आणि तिथल्या इंटरनेटचा विषय मिटतो. पुणे जिल्ह्यात हे फार सहज घडतं, कारण इथल्या बहुतेक गावांत कुठला ना कुठला मोबाइल लागतोच. मग मुळशीतल्या, भोरमधल्या किंवा वेल्ह्यातल्या घरात रात्री आठ वाजता व्हिडिओ कॉल का अडकतो, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

पुरंदरच्या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. टँकर आला म्हणून त्या गावाची नळयोजना पूर्ण झाली असं कोणी लिहीत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र टँकरलाच नळ म्हणून नोंदवलं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे: मोबाइल ब्रॉडबँड हे वाटेवरच्या, शेतातल्या, एसटीतल्या माणसासाठी आहे. घरासाठी ते तात्पुरती सोय म्हणून चालेल, आणि ती सोय नीट कशी करायची हेही लोकांना सांगायला हवं. पण घराचं इंटरनेट म्हणून मोजायची ती वायर, किंवा निदान ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या वायरीवरून घराकडे रोखलेला स्थिर बिनतारी दुवा.

हा हट्ट शहरी चैनीचा नाही. पीएम-किसानची ई-केवायसी, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, ई-पीक पाहणी, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र, सगळं जाळ्यावर गेलं आहे. सरकारने कागद बंद केला. मग तो ज्या वाटेने यायचा ती वाट घरापर्यंत आणण्याची जबाबदारीही सरकारवर येते. त्यात हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी आणि घर पौडकडे किंवा मावळात अशी हजारो कुटुंबं आहेत. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करण्याची मुभा त्यांना कागदावर असते, पण घरच्या नेटमुळे ती वापरता येत नाही.

आता मोबाइल घराला का पुरत नाही ते पाहू. मूळ कारण तंत्रज्ञान मागासलेलं असणं हे नाही. टॉवरची हवा सगळ्यांत वाटलेली असते, हे कारण आहे.

टॉवरवर साधारण तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येक दिशेला एक सेक्टर म्हणतात. फोरजीच्या १० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वारंवारिता-पट्ट्यावर एका सेक्टरची कागदी कमाल ७५ एमबीपीएस. पण ही कमाल टॉवरच्या पायथ्याशी, एकट्या माणसाला. जवळचे, लांबचे, भिंतीआडचे असे सगळे धरले की त्याच पट्ट्यातून सरासरी १५ ते २० एमबीपीएस निघतात. कंपनीने तीन-चार पट्टे लावले तर बेरीज साठ-सत्तरपर्यंत जाईल. धरा, त्या सेक्टरखाली सव्वाशे घरं आहेत आणि रात्री साडेआठला त्यातली चाळीस घरं मोबाइलवर काही ना काही पाहत आहेत. प्रत्येकाला अडीच एमबीपीएस म्हटलं तरी शंभर लागतात. इथे कोणाची चूक नाही आणि कोणती सेटिंग बदलून हे सुटत नाही. सकाळी सहाला तोच फोन चाळीस एमबीपीएस दाखवतो आणि रात्री दीड, त्याचं कारण हे.

फायबरचं गणित याच्या शेजारी ठेवून पाहा. गावोगाव घरगुती फायबर ज्या जीपॉन पद्धतीने देतात, तिच्या एका पोर्टमधून खाली येणारा वेग सुमारे २,४८८ एमबीपीएस असतो आणि तो बहुधा ३२ घरांत वाटतात. बत्तीसही घरांनी एकाच क्षणी पूर्ण नळ सोडला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ७७ येतात. ही तफावत टॉवरची संख्या दुप्पट करूनही भरून येत नाही.

डाउनलोडपेक्षा मोठी अडचण अपलोडची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. टॉवरचा रेडिओ एकेका अँटेना-पोर्टमागे ४० वॅटच्या आसपास ताकदीने बोलतो. तुमचा फोन किंवा सिमवाला राउटर उत्तर देतो ०.२ वॅटने. जवळपास २०० पटींचा फरक. त्यामुळे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला ऐकू जात नाही. स्पीड टेस्टमध्ये खाली १८ आणि वर ०.३ असा आकडा येतो तो याचाच पुरावा. सिनेमा दिसतो, पण ऑनलाइन मुलाखतीत तुमचा चेहरा गोठतो, गृहपाठाचा फोटो चढत नाही, डॉक्टरला पाठवलेला रिपोर्ट फिरत राहतो. घरच्या इंटरनेटची खरी परीक्षा तिथे असते. भारतात ब्रॉडबँडची व्याख्या २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, ते बरंच झालं. पण ती व्याख्या फक्त डाउनलोडची आहे. अपलोडची किमान अट तिच्यात नाही, ती घालायला हवी.

त्यात पुणे जिल्ह्याची जमीन. दौंड, इंदापूर, बारामतीकडे सपाट मुलूख आहे. एक उंच टॉवर लांबपर्यंत दिसतो, अडचण आली तर उसाच्या फडात बुडालेल्या वस्त्यांवर. पश्चिमेला ताम्हिणी, वरंध, पानशेत, भीमाशंकरकडे वळलात की सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येतात. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झची लहर डोंगराच्या धारेवरून थोडी वाकते, २३०० किंवा ३३०० ची जवळजवळ नाही. म्हणून खोऱ्यात फोन बहुधा खालच्या पट्ट्यावर टिकून असतो: रेंजच्या दांड्या पूर्ण, आणि नेट मुंगीच्या पावलाने. खालचा पट्टा लांब पोहोचतो पण अरुंद असतो. दांड्या अंतराबद्दल सांगतात. गर्दीबद्दल काहीच सांगत नाहीत.

गर्दीचा एक प्रकार खास आपल्याकडचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी पवना, मुळशी, ताम्हिणी, राजगड, तोरण्याकडे पुण्या-मुंबईची वाहनं लागतात. प्रत्येक गाडीत चार फोन, प्रत्येक फोनवर धबधब्याचा व्हिडिओ चढवण्याची घाई. गावच्या टॉवरची क्षमता गावच्या लोकसंख्येवर बेतलेली असते. त्या दोन दिवसांत स्थानिक माणसाच्या घरातलं इंटरनेट पर्यटक वापरून जातात आणि त्याने महिन्याचे पैसे तेवढेच भरलेले असतात.

पावसाचं लोक म्हणतात, पण बऱ्याचदा चुकीच्या जागी बोट ठेवतात. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेत पावसाने फारसं बिघडत नाही. त्या वारंवारितेला पावसाचे थेंब अडवत नाहीत, ओली झाडं थोडी अडवतात. बिघडतं ते मागे. घाटातल्या अनेक टॉवरना फायबर नसतं; एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर १५, १८ किंवा २३ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह तबकडीने दुवा दिलेला असतो. एवढ्या उंच वारंवारितेला मुसळधार पाऊस थेट खातो. दुसरं, वीज. झाड पडून महावितरणची लाइन गेली की टॉवर बॅटरीवर येतो, बॅटरी काही तास टिकते, मग डिझेल जनरेटर, आणि दरड कोसळून रस्ता बंद असेल तर डिझेलची गाडीच येत नाही. अशा वेळी घरचं इंटरनेट आणि फोन दोन्ही एकाच टॉवरवर असतील तर दोन्ही एकदम जातात. आपत्तीच्या दिवशीच गाव मुकं होतं.

आणि डेटा. रोजचे दीड किंवा दोन जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात सातबाराचं पानही उघडत नाही. एचडी व्हिडिओचा एक तास ५ एमबीपीएसने सव्वादोन जीबी खातो. एक सीसीटीव्ही कॅमेरा २ एमबीपीएसने सतत क्लाउडवर चढवत असेल तर दिवसाचे २१.६ जीबी, महिन्याचे जवळपास ६५०. गोठ्यावर, पोल्ट्रीवर, हरितगृहावर कॅमेरा लावून फोन-सिमवर चालवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित दुकानदार आधी सांगत नाही. शिवाय मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक (आयपी) पत्ता वाटून देतात. त्यामुळे बाहेरून घरच्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीवर, थेट शिरण्यासाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. कॅमेरा कंपनीच्या क्लाउड अ‍ॅपमधून जाणारा मॉडेलच घ्यावा लागतो.

हे सगळं खरं असलं तरी वायर येईपर्यंत लोकांना राहायचं आहे. तेव्हा मोबाइलवरच घर चालवायचं तर निदान पैसे वाया जाणार नाहीत अशा रीतीने चालवावं.

सुरुवात मोजण्यापासून. दांड्यांवर विसंबू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की सिग्नलचे आकडे दिसतात. सिमवाल्या राउटरच्या सेटिंगच्या पानावरही असतात. आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा आवाज किती जोरात पोहोचतो तो आकडा, उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत काम चालतं, उणे ११० च्या खाली घराचं नेट म्हणून आशा सोडा. पण त्याहून महत्त्वाचा आकडा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटात आवाज किती स्वच्छ आहे ते. १३ च्या वर असेल तर चांगला, शून्याच्या खाली असेल तर पूर्ण दांड्या असूनही नेट रांगेल. घराच्या चारही बाजूंना, गच्चीवर, आणि प्रत्येक कंपनीच्या सिमने हे आकडे घ्या. वेगाची चाचणी सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा, सुट्टीच्या दिवशीही. सिम घ्यायचं ते रात्री नऊचा अपलोड पाहून. दुकानात दुपारी बारा वाजता दाखवलेला डाउनलोड पाहून घेऊ नये.

मग राउटरची जागा. जुन्या वाड्याची दोन फुटी दगडी भिंत सहज १५ डेसिबल खाते, म्हणजे बाहेरच्या सिग्नलचा तिसावा हिस्सा आत उरतो. पत्र्याच्या घरात तर आणखी कमी. तेव्हा टीव्हीशेजारी ठेवलेला राउटर हा बहुतेक घरांतला पहिला दोष. टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, शक्य तितका उंच, एवढ्यानेच अनेकदा फरक पडतो.

खिडकीने भागलं नाही तर लोक बाहेरची अँटेना घेतात, आणि इथे सर्वात जास्त पैसे बुडतात. बाजारात मिळणाऱ्या अँटेनाबरोबर बारीक काळी केबल येते. १८०० मेगाहर्ट्झला अशी दहा मीटर केबल ७-८ डेसिबल खाते. अँटेनाने ९ कमावले आणि केबलीने ७ घालवले, हाती उरलं काय? शिवाय फोरजी दोन वाटांनी डेटा आणतं, म्हणून अँटेना दोन लागतात, एकमेकींना काटकोनात आणि जमिनीशी ४५ अंशांत तिरक्या. एकच लावली तर अर्धा वेग आधीच गेला. त्यापेक्षा आख्खा राउटरच बाहेर न्यावा. बाहेर लावायचे, अँटेना आतच असलेले राउटर मिळतात. तो गच्चीवरच्या पाइपला टॉवरकडे तोंड करून बसवायचा आणि तिथून घरात नेटवर्क केबल आणायची. तिच्यातूनच वीज वर जाते आणि डेटा खाली येतो. ही केबल १०० मीटरपर्यंत डेटाचा वेग गमावत नाही. ती कॅट-६, बाहेरच्या उन्हाला टिकणारी काळ्या आवरणाची आणि शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल लांबवर वीज नीट पोहोचवत नाही आणि राउटर पावसाळ्यात मध्येच बंद-चालू होत राहतो. लोकांना वाटतं नेटवर्क गेलं. वीज देणारा अ‍ॅडॅप्टर २४ व्होल्टचा आहे की ४८ चा, हे राउटरशी जुळवूनच लावा. चुकला तर राउटर जळतो. केबल घरात शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. माकडांचा वावर असेल तिथे ती पीव्हीसी पाइपातून न्या. राउटर बसवलेल्या गच्चीवरच्या पाइपाला अर्थिंग द्या, वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू झाला की घरातला प्लग काढा.

राउटरला लहान १२ व्होल्टचा यूपीएस जोडा. ३२ वॉट-तासाची बॅटरी ७ वॉटच्या राउटरला चार तास चालवते. मात्र टॉवरच बंद पडला तर तुमची बॅटरी नुसती दिवा दाखवते.

एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते. फोन राउटरच्या वाय-फायला जोडला की त्याला वाटतं हे अमर्याद नेट आहे. तो फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, लॅपटॉप विंडोजचे दोन-तीन जीबीचे अपडेट असं सगळं उरकायला बसतो आणि सकाळी दहापर्यंत कोटा संपतो. प्रत्येक उपकरणात त्या वाय-फायला ‘मीटर्ड’ अशी खूण करून ठेवा.

दोन कंपन्यांची दोन सिमं ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच उपयोगी आहे. अनेक कंपन्या एकाच टॉवरवर, एकाच वीजजोडणीवर आणि एकाच जनरेटरवर असतात. टॉवर पडला की दोन्ही सिमं मरतात. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या पोर्टलवर आपल्या आसपासचे टॉवर आणि त्यांवरच्या कंपन्या दिसतात. दुसरं सिम वेगळ्या टॉवरवरचं घ्या.

आणि बूस्टर लावू नका. दुकानात ‘सिग्नल बूस्टर’ म्हणून विकले जाणारे रिपीटर विनापरवाना लावणं बेकायदा आहे आणि ते आजूबाजूच्या साऱ्या फोनचा अपलोड खराब करतात. एका घराने लावलेला बूस्टर आख्ख्या आळीचं नेट बिघडवतो.

एवढं करूनही मिळतं ते टँकरचंच पाणी. मग नळाचं काय झालं?

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलं. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. २०१५ मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं, महाराष्ट्रात राज्य सरकारने महानेट म्हणून त्याचा पुढचा टप्पा हाती घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, ज्यात दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी देण्याचं उद्दिष्ट आहे. पैसा मंजूर आहे, धोरण आहे. अनेक ग्रामपंचायतींत फायबर पोहोचलंही आहे. पण कार्यालयाच्या भिंतीवरच्या पेटीतला दिवा पेटलेला आहे का, हे विचारा.

तो का विझतो याची कारणं फार साधी आहेत. पहिल्या रचनेत तालुक्यावरून निघालेली केबल एका गावातून पुढच्या गावात झाडाच्या फांदीसारखी जात होती. मध्ये एक जेसीबी फिरला की पुढची सगळी गावं अंधारात. सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने येते. हा बदल योग्य आहे आणि घाटातल्या तालुक्यांत तो सर्वांत आधी व्हायला हवा, कारण तिथे केबल बहुधा एकाच रस्त्याकडेने जाते. दुसरं, रस्ता रुंदीकरण आणि जलजीवनच्या पाइपलाइनचं खोदकाम. खोदण्याआधी कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं आहे. पण ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांच्या कामाच्या आदेशात त्याचा उल्लेख अट म्हणून येत नाही तोवर ठेकेदार ते उघडणार नाही. अट घाला, केबल तोडल्यास दुरुस्तीचा खर्च बिलातून कापा. यासाठी नवा कायदा लागत नाही. तिसरं, वीज आणि बॅटरी. ग्रामपंचायतीचं बिल थकलं, बॅटरी तीन वर्षांत मेली, ती बदलायची कोणी, याचं उत्तर कोणाच्याच कागदावर नाही.

आणि चौथं, सर्वांत मोठं: जोडणारा माणूस. तुटलेलं फायबर जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं, तूट किती मीटरवर आहे ते सांगायला ओटीडीआर यंत्र लागतं. दोन्ही महाग आहेत, पण तालुक्यामागे दोन संच आणि आयटीआय झालेली स्थानिक चार मुलं एवढं असेल तर बहुतेक तूट त्याच दिवशी जुळते. आज पथक शहरातून येतं, पावसात येतच नाही. सुधारित कार्यक्रमात दहा वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात बांधली आहे. ते पथक तालुक्याच्या गावी राहतं का, हे जिल्हाधिकाऱ्यांनी तपासावं. शहरात एखाद्याचं फायबर दोन दिवस बंद राहिलं तर आरडाओरडा होतो. गावात दोन महिने बंद राहिलं तर लोक पुन्हा सिमकडे वळतात आणि आकडेवारीत ‘मागणी नाही’ अशी नोंद होते. ‘ग्रामीण लोकांना मोबाइलच आवडतो’ हा निष्कर्ष अशा रीतीने तयार होतो. तो चुकीचा आहे आणि अन्यायाचाही आहे.

फायबर प्रत्येक घरी नेणं परवडत नाही, हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. गावठाणात घराला घर लागून असतं, वीस-तीस मीटर केबलीत एक जोडणी होते. वेल्ह्यातल्या डोंगरउतारावरची बारा घरांची वाडी गावठाणापासून तीन किलोमीटर लांब असेल तर घरामागे अडीचशे मीटर पडतात, वर वनखात्याची परवानगी. तिथे टॉवरची वाट पाहायची का? नाही. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आलेलं फायबर ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओने वाडीकडे फेकता येतं. हा पट्टा केंद्राने २०१८ मध्ये परवानामुक्त केला आहे. ठरलेल्या ताकदीत वापरायला स्पेक्ट्रमचे पैसे लागत नाहीत. दोन टोकांना दोन तबकड्या, प्रत्येकी आठ-दहा वॅट वीज, ती सौर पॅनेलवरही निभते. अट एकच: दोन्ही तबकड्यांनी एकमेकींना पाहिलं पाहिजे, आणि नुसती रेषा मोकळी असून चालत नाही. पाच किलोमीटरच्या दुव्यात मधोमध त्या रेषेभोवती सुमारे ८ मीटर त्रिज्येचा हवेचा बोगदा लागतो आणि त्या त्रिज्येतला किमान ६० टक्के भाग मोकळा हवा. फेब्रुवारीत झाडं ओकीबोकी असताना जुळवलेला दुवा जुलैत पानं फुटल्यावर पडतो, तो यामुळे. सर्वेक्षण पावसाळ्यात करावं किंवा खांब पाच मीटर जास्त उंच घ्यावा. इथे हवा वाडीपुरतीच वाटली जाते, पर्यटक तिच्यात शिरत नाहीत. कंपन्यांच्या फाइव्हजी एअरफायबरबद्दलही हेच म्हणेन: छतावरचा स्थिर राउटर असल्याने तो फोनपेक्षा बरा, दौंड-बारामतीच्या सपाटीवर तर चांगलाच चालेल. पण सेक्टर वाटलेलाच आहे. गावातल्या पहिल्या दहा घरांना मिळणारा वेग शंभराव्या घराला मिळणार नाही.

जुन्नर तालुक्यात तर वायरीचा मुद्दा वादापलीकडचा आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि ती ऐकते त्या वारंवारितांच्या शेजारीच मोबाइलचे खालचे पट्टे आहेत. तिथल्या आकाशातली शांतता जपावी लागते, म्हणून परिसरात टॉवर उभारताना बंधनं येतात, आणि ती योग्यच आहेत. काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाश दुर्बिणीला त्रास देत नाही. जगातल्या एका श्रेष्ठ वेधशाळेला जागा देणाऱ्या गावांना घरोघरी फायबर देणं हे त्यांचं देणं आहे. जिल्ह्यात सर्वांत आधी ते तिथे व्हायला हवं.

वायर आली म्हणून मोबाइलची गरज संपत नाही, ओटीपी फोनवरच येतो. पण घरात फायबर असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू करून रेंज नसलेल्या खोलीतही बोलता येतं, आणि टॉवरवरचा घरगुती भार उतरला की वाटेवरच्या माणसालाही नेट नीट मिळतं.

आता नियमातली एक दुरुस्ती, जिच्याशिवाय बाकीचं पुढे सरकणार नाही. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांत मोठ्या खंडाबद्दल ग्राहकाला भरपाई आहे: २४ तासांहून अधिक सेवा बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदतवाढ. पण खंड मोजण्याचं एकक जिल्हा आहे. वरंध घाटमाथ्यावरच्या चार गावांचा टॉवर पाच दिवस बंद राहिला तरी पुणे जिल्हा चालूच असतो, आणि त्या गावांना काहीही मिळत नाही. हे एकक टॉवर किंवा ग्रामपंचायत करा. कंपनीकडे प्रत्येक टॉवर कोणत्या मिनिटाला बंद पडला याची नोंद असतेच, तेव्हा मोजता येत नाही ही सबब टिकत नाही. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे ठेवणंही याच नियमांनी बंधनकारक केलं आहे. त्या नकाशात तुमचं घर रंगवलेलं असेल आणि घरात रेंज नसेल तर तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

तक्रार १९८ वर करायची, तिचा क्रमांक लिहून ठेवायचा, निकाल पटला नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, आणि तिथेही दाद लागली नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वेळ घालवू नये.

एकट्याच्या तक्रारीपेक्षा ग्रामसभेचा ठराव जड असतो, आणि तो ‘नेटवर्क सुधारावे’ असा मोघम असू नये. त्यात लिहावं: ग्रामपंचायतीतली भारतनेटची पेटी कोणत्या तारखेपासून बंद आहे, गावठाणात किती घरं आणि प्रत्येक वाडीत किती, वाडीचं अंतर किती मीटर, किती कुटुंबं महिन्याला पैसे भरून जोडणी घ्यायला तयार आहेत, सह्यांसह, पेटीच्या विजेचं बिल आणि बॅटरी ग्रामपंचायत कोणत्या निधीतून भरेल, रस्ता आणि पाइपलाइनच्या पुढच्या प्रत्येक कार्यादेशात केबल तोडल्यास वसुलीची अट राहील. सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीचं कार्यालय नसलेली गावं मागणी आली तर जोडायची आहेत. मागणी म्हणजे नेमका हा कागद. त्याची एक प्रत बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला, एक गटविकास अधिकाऱ्यांना, एक आमदारांना द्यावी, आणि प्रत्येकीवर पोच घ्यावी.